उशीवर उशी चढते तेव्हा

सहेरीसाठी घरातली माणसे उठतात, तेव्हा काही घरांत एक माणूस आधीपासूनच जागा असतो. तो इबादतीसाठी उठलेला नसतो. आडवे पडले की धाप लागते, म्हणून भिंतीला टेकून त्याने रात्र काढलेली असते. दिवाळीत एका उशीवर झोप लागत होती, संक्रांतीला दोन लागू लागल्या, आता तीन उशाही पुरत नाहीत. पायातली चप्पल संध्याकाळी घट्ट होते. घरचे म्हणतात, वय झाले. शेजारचे म्हणतात, गॅस असेल. तो स्वतः म्हणतो, रमजान निघून जाऊ दे, मग बघू.

शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांतले हे चित्र कोणा एका धर्माचे नाही. मोहल्ल्यातल्या अब्बांच्या जागी किन्हवलीकडचे वारकरी तात्या ठेवा, टोकावड्याकडची ठाकूर आजी ठेवा, वीटभट्टीवर गेलेला कातकरी बाप ठेवा. उशांचा हिशेब तोच राहतो. या आजाराला डॉक्टर हार्ट फेल्युअर म्हणतात. मराठीत त्याचे भाषांतर ‘हृदय निकामी होणे’ असे होते आणि इथेच पहिला घोटाळा होतो. निकामी म्हटले की माणसाला वाटते, संपले सगळे. मग तो एक तर हाय खातो, नाही तर ऐकलेच नाही असे करतो.

प्रत्यक्षात हृदय बंद पडलेले नसते. शरीराला लागेल तेवढे रक्त पुढे ढकलताना ते कमी पडते. रक्त पुढे सरकले नाही की मागे तुंबते. फुप्फुसांत तुंबले की दम लागतो, पायांत उतरले की सूज येते. अंगठ्याने सूज दाबली तर खड्डा पडतो आणि तो लवकर भरत नाही. आपल्याकडची माणसे याला ‘अंगात पाणी झाले’ म्हणतात. हे शब्द डॉक्टरी नावापेक्षा खरे आहेत.

दुसरा घोटाळा टक्क्यांचा. टूडी इको करून आलेला माणूस सांगतो, “माझे पंपिंग तीसच टक्के राहिले.” ऐकणारा मनात वजाबाकी करतो की सत्तर टक्के गेले. पण निरोगी हृदयही प्रत्येक ठोक्याला आतले सगळे रक्त बाहेर टाकत नाही. साधारण ५५ ते ७० टक्केच टाकते. तेव्हा तीस हा आकडा गंभीर असला तरी तो मृत्यूचा दाखला नव्हे. योग्य औषधांनी तो वाढलेलाही दिसतो. उलट काहींचे पंपिंग चांगले असूनही त्यांना हार्ट फेल्युअर असते, कारण त्यांचे हृदय ताठर झालेले असते आणि नीट भरतच नाही. वर्षानुवर्षे रक्तदाब आणि मधुमेह असलेल्या वयस्क बायकांत हा प्रकार बराच आढळतो. “इको नॉर्मल आला, आता काळजी नको,” असे म्हणून त्यांना घरी आणले जाते आणि त्यांचा दम मात्र तसाच राहतो.

एका माणसाचे चार आजार

हा आजार सहसा एकटा येत नाही. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेतील डॉ. एस. हरिकृष्णन आणि देशभरातील त्यांच्या सहकाऱ्यांनी ५३ रुग्णालयांतल्या १०,८५१ हार्ट फेल्युअर रुग्णांची राष्ट्रीय नोंद केली. तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्णांचे सरासरी वय साठच्या आसपास निघाले. युरोप-अमेरिकेत हा आजार साधारण दहा वर्षे उशिरा गाठतो. सुमारे ७२ टक्के रुग्णांत मूळ कारण हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार हे होते. जवळपास निम्म्यांना उच्च रक्तदाब होता आणि चाळीस टक्क्यांहून अधिक लोकांना मधुमेह. दाखल झाल्यापासून ९० दिवसांत सुमारे १४ टक्के रुग्ण दगावले. आणि शास्त्राने सांगितलेली औषधे पूर्णपणे मिळालेले रुग्ण निम्म्याहूनही कमी होते.

हे आकडे इको, तज्ज्ञ आणि अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयांतले आहेत. तिथपर्यंत जो पोहोचलाच नाही, तो या नोंदीत नाही. रुग्णांत बायकांचे प्रमाण तिसऱ्या हिश्श्याहूनही थोडे कमी होते. पुरुषांना हृदयविकाराचा झटका जास्त येतो, हे त्याचे एक कारण खरे. पण दम लागणाऱ्या बाईला घराघरांतून काय ऐकावे लागते तेही आठवून पाहावे. “रक्त कमी असेल, बीट खा.” घरचा पुरुष धापा टाकू लागला तर गाडी बोलावली जाते. बाई धापा टाकू लागली तर तिला थोडे बसायला सांगतात.

आपल्या दोन तालुक्यांत या यादीत आणखी भर पडते. चुलीपुढे आयुष्य गेलेल्या बाईची फुप्फुसे धुराने आधीच अशक्त झालेली असतात. तिचा दम फुप्फुसाचा की हृदयाचा, हे ओळखायला अनुभवी डॉक्टरही दोन वेळा विचार करतो. विडी ओढणाऱ्या पुरुषाचेही तेच. अंगात रक्त कमी असणे हा तर इथल्या वाडीपाड्यांवरचा जुना पाहुणा. रक्त कमी असले की कमजोर हृदयाला दुप्पट राबावे लागते. लहानपणी घसा सुजून ताप आला, सांधे दुखले, तेवढ्यावर निभावले असे वाटले. पण त्या संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप खराब करून ठेवली आणि पंचविशीत, बहुधा पहिल्या बाळंतपणात, ते उघडकीला आले, असेही घडते. दारूने हृदयाचा स्नायू सैल पडतो, ती हातभट्टीची असो की बाटलीतली. मूत्रपिंडाचे तर हृदयाशी सख्ख्या भावांसारखे नाते आहे. एक दमला की दुसराही दमतो.

असा माणूस उपचाराला निघतो तेव्हा त्याचे तुकडे होतात. शुगर एकीकडे तपासली जाते, बीपीची गोळी दुसरीकडून येते, दम लागला की तिसरीकडे पंप मिळतो, गुडघे दुखले की चौथीकडे सुई. चौघांपैकी कोणालाच उरलेल्या तिघांचे कागद दिसत नाहीत. गुडघ्यासाठी घेतलेली डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामक गोळी शरीरात मीठ आणि पाणी अडवते, मूत्रपिंडावर ताण आणते आणि महिनाभर नीट चाललेले हृदय आठ दिवसांत बिघडवते. त्याहून वाईट म्हणजे ताकदीची बाटली. अशक्तपणा वाटला की सलाईन लावून घ्यायची आपल्याकडे जणू रीतच आहे. ज्याच्या अंगात आधीच पाणी तुंबले आहे, त्याच्या शिरेत आणखी एक बाटली पाणी आणि मीठ सोडणे म्हणजे भरलेल्या विहिरीत टँकर रिकामा करणे. लावणारा विचारत नाही, लावून घेणारा सांगत नाही. सांगायला हवे. “मला हार्टचा त्रास आहे, बाटली लावू नका,” हे एक वाक्य प्रत्येक रुग्णाला आणि त्याच्या सुनेला, मुलाला पाठ असले पाहिजे.

रोजा, उपवास आणि मिठाची चिमूट

आता रमजानचा प्रश्न. तो टाळून चालणार नाही, कारण याच महिन्यात या रुग्णाच्या घरात वाद होतो.

“अम्मी, डॉक्टरांना विचारलंस का?”

“चाळीस वर्षांत एक रोजा चुकला नाही माझा. आता शेवटी शेवटी चुकवू?”

या उत्तरापुढे मुलगा गप्प बसतो. श्रद्धेपुढे औषधाची गोष्ट काढणे त्याला आगाऊपणा वाटतो. पण दीनने ही गोष्ट आधीच काढून ठेवली आहे. कुरआनच्या दुसऱ्या सूरहमध्ये, सूरह बकरामध्ये, रोजाचा आदेश जिथे आला, तिथेच म्हणजे १८४ आणि १८५ व्या आयतींत आजारी माणसाला आणि प्रवाशाला सवलत दिलेली आहे. बरे झाल्यावर तेवढे रोजे नंतर करावेत. ज्याचा आजार बरा होण्यासारखा नाही, त्याने प्रत्येक रोजामागे एका गरजूला जेवण द्यावे. याला फिदया म्हणतात. ही सवलत पळवाट म्हणून दिलेली नाही, ती आदेशाचाच भाग आहे. जिवावर बेतेल हे ठाऊक असून रोजा धरणाऱ्याने सोपी वाट नाकारली असेल, पण दिलेली वाटही नाकारली, हे मौलानासाहेबही सांगतील. तेव्हा डॉक्टर आणि मौलाना यांच्यात निवड करायची वेळच येत नाही. दोघांनाही विचारावे, उत्तर बहुधा एकच मिळते.

प्रत्येक हृदयरुग्णाने रोजा सोडावा असाही याचा अर्थ नाही. ज्याची प्रकृती महिनोन्‌महिने स्थिर आहे, जो औषधे नेमाने घेतो, मिठाचे पथ्य पाळतो, अशा पुष्कळ रुग्णांना डॉक्टरांच्या सल्ल्याने रोजे जमतात, असा डॉक्टरांचा अनुभव आहे. ज्यांचे पथ्य आणि औषधे सुटतात, त्यांचीच प्रकृती बहुधा बिघडते. पण नुकताच दाखल होऊन आलेला, बसल्याजागी धाप लागणारा, मूत्रपिंड कमजोर असलेला किंवा इन्सुलिनवर असलेला माणूस यांनी हे धाडस करू नये. पाण्याची गोळी घेणाऱ्याचे शरीर दिवसभर पाण्यावाचून कोरडे पडते, रक्तदाब उतरतो आणि दुपारच्या उन्हात चक्कर येते. मधुमेहासाठी आणि आता हृदयासाठीही दिल्या जाणाऱ्या डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्याही लघवीवाटे पाणी काढतात. गोळ्यांची वेळ सहेरी आणि इफ्तारमध्ये कशी बसवायची, कोणती कमी करायची, कोणती तशीच ठेवायची हे डॉक्टरांनी ठरवावे. शेजाऱ्याला जे जमले ते आपल्याला जमेल असे नाही.

इफ्तारचे ताट हाही प्रश्नच. भजी, समोसे, फरसाण, पापड, लोणचे या सगळ्यांत मीठ लपलेले असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते निरोगी माणसालाही दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चमचाभर मीठ पुरे. आपल्याकडे आठवडी बाजारातून येणारी सुकट, सुके बोंबील, जवळा ही गरिबाच्या घरातली चव आहे, पण ती मिठात मुरलेली असते. रुग्णाच्या वाटणीला ती कमी यावी. आणि हेच पथ्य एकादशीला, श्रावणी सोमवारी, नवरात्रातही लागू आहे. उपवासाचे वेफर्स खारेच असतात. सैंधव चालते म्हणून कितीही घ्यावे, हा गैरसमज आहे. सैंधव हेही मीठच आहे आणि त्यातले सोडियम हृदयाला तितकेच जड. ‘कमी सोडियमचे’ म्हणून मिळणाऱ्या मिठात पोटॅशियम असते. स्पायरोनोलॅक्टोनसारखी गोळी चालू असलेल्याच्या किंवा मूत्रपिंड अशक्त असलेल्याच्या रक्तात त्याने पोटॅशियम धोकादायक वाढू शकते. म्हणून खजूर, केळी, नारळपाणी किती चालेल हेही अशा रुग्णाने विचारून घ्यावे. एखाद्या खजुराने रोजा सोडायला सहसा कोणी डॉक्टर नाही म्हणणार नाही. वाडगाभर खजुराला म्हणेल.

वजनकाटा आणि एक वही

मग करायचे काय? मुरबाडकरांना रेल्वेसाठी कल्याण, टिटवाळा किंवा बदलापूर गाठावे लागते. डोळखांबच्या आतल्या पाड्यावरच्या माणसाला आधी जीप, मग आसनगावहून लोकल, मग ठाणे किंवा मुंबई. तपासणीचा एक दिवस म्हणजे रुग्णाची आणि सोबत येणाऱ्याची अशी दोन माणसांची मजुरी. दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर गेलेली कातकरी कुटुंबे पावसाच्या तोंडावर परत येतात; तोवर केसपेपर झोपडीत आणि माणूस दुसऱ्याच तालुक्यात. मुंबईला पाणी देणारी भातसा आणि तानसा ही धरणे शहापूरच्याच मातीत आहेत. पाणी इथून शहराकडे जाते आणि आजारी माणूसही. पाण्याला जायचे भाडे पडत नाही, माणसाला पडते.

या आजाराचे वैशिष्ट्य असे की त्याची मोठी लढाई मोठ्या रुग्णालयात होते, पण जिंकली जाते ती घरी. निदानासाठी, इकोसाठी, झडपेच्या किंवा रक्तवाहिनीच्या शस्त्रक्रियेसाठी शहर गाठावेच लागेल. त्या खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. पण घरी परतल्यानंतरचे नव्वद दिवस सर्वांत नाजूक असतात आणि त्या दिवसांत लागणाऱ्या गोष्टी फार साध्या आहेत.

पहिली गोष्ट वजनकाटा. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी वजन करावे आणि वहीत लिहावे. तीन दिवसांत दोन किलो वाढले तर ती चरबी नव्हे, ते पाणी आहे. धाप लागण्याच्या आधीच काटा ते सांगतो. त्याच दिवशी डॉक्टरांकडे गेले तर बहुधा गोळी वाढवून भागते. आठ दिवस थांबले तर १०८ बोलवावी लागते. घरात काटा नसेल तर अंगणवाडीत गरोदर मातांचे वजन होते, उपकेंद्रात काटा असतो. तिथे आठवड्यातून दोनदा या रुग्णांनाही उभे करता येईल.

दुसरी गोष्ट प्रश्नांची. तीस वर्षांवरील लोकांचा रक्तदाब आणि साखर तपासण्यासाठी आशा ताई घरोघरी फिरतात. त्यांच्या कागदावर आणखी तीन प्रश्न यावेत. रात्री किती उशा लागतात? चढ चढताना पूर्वीपेक्षा जास्त दम लागतो का? पायाला सूज येते का? या तीन प्रश्नांना यंत्र लागत नाही, वीज लागत नाही. ज्याची उत्तरे शंकेची येतील, त्याला शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात धाडावे आणि तिथे महिन्यातून एक ठरलेला दिवस या रुग्णांसाठी असावा. त्या एकाच दिवशी, एकाच टेबलावर बीपी, शुगर, रक्त, मूत्रपिंड, सगळे पाहिले जावे. माणूस एक आहे, त्याची वहीही एक असावी.

तिसरी गोष्ट औषधांची. पंपिंग कमी झालेल्या हृदयासाठी आज औषधांचे चार गट आहेत आणि ते आयुष्य वाढवतात, हे सिद्ध झाले आहे. त्यांतली बरीच औषधे जुनी आणि स्वस्त आहेत. जी महाग होती, त्यांतल्या डापाग्लिफ्लोझिनचे भारतातले पेटंट आधी आणि एम्पाग्लिफ्लोझिनचे २०२५ मध्ये संपले आणि त्यांच्या किमती उतरल्या. त्यामुळे ‘परवडत नाही’ हे उत्तर आता पूर्वीइतके खरे राहिलेले नाही. खरी अडचण ही की बरे वाटले की गोळी थांबते. सूज उतरली, झोप लागू लागली, की माणूस म्हणतो, आता कशाला? ही गोळी तापाच्या गोळीसारखी नाही. ती चालू आहे म्हणूनच बरे वाटते आहे. वीटभट्टीवर निघालेल्याला दोन-तीन महिन्यांची औषधे एकदम देता आली, तर अनेकांचे उपचार तुटणार नाहीत.

हे सगळे सरकारने करावे असे म्हणून हात झटकता येणार नाहीत. रमजानमध्ये तरावीहच्या नमाजला मोहल्ल्यातले सगळे वयस्क एका जागी येतात. नमाजनंतर मशिदीच्या ओट्यावर एक वजनकाटा, एक बीपीचे यंत्र आणि एखादा जाणता तरुण एवढे ठेवले तरी महिनाभरात किती जणांच्या उशा मोजल्या जातील! हीच व्यवस्था हरिपाठाच्या मंडळात, नवरात्राच्या मंडपात, विहाराच्या अंगणात चालू शकते. जकात काढणाऱ्या घरांनी गरजू रुग्णाची वर्षाची औषधे आपल्याकडे घेतली, तर ते दान ईदनंतरही रोज सकाळी कोणाच्या तरी तळहातावर पडत राहील. आणि ज्या अम्मीचा रोजा या वर्षी सुटला, तिच्या फिदयाचे जेवण एखाद्या पाड्यावर गेले, तर तिला वाटणारी हुरहूरही कमी होईल.

घरच्यांनी मात्र आजच एक करावे. सहेरीला उठाल तेव्हा, किंवा पहाटे काकड आरतीला निघाल तेव्हा, आपल्या घरातले वडीलधारे माणूस कसे झोपले आहे ते पाहावे. ते आडवे आहे की बसलेले? उशा किती आहेत? मागच्या महिन्यात किती होत्या? त्यांची संख्या वाढली असेल तर त्याला वय म्हणू नये, गॅस म्हणू नये आणि ईद होऊन जाईपर्यंत थांबूही नये.